ग्रीसचा रोजचा फेरा

मित्रांनो, भरभर चालणारा माणूस मला सहज मागे टाकतो. तरी हसू नका. मी एक जुने डिझेल इंजिन आहे, दोन सिलिंडरचे, आणि माझे आयुष्य इंग्लंडच्या कालव्यांवर, 'कर्ल्यू' नावाच्या लांबोळक्या नावेच्या पोटात गेले.

तरुणपणी मी कोळसा वाहिला, मग चिनी मातीची पिंपे. पुढे सगळा माल लॉऱ्यांनी पळवला आणि आमची नाव नऊ वर्षे झुडपांत पडून राहिली. तिथून आम्हाला बाहेर काढले ते क्लेमेंट आणि ऑल्विन ट्रँटर या नवराबायकोने. त्या दोघांनी 'कर्ल्यू'लाच घर केले.

क्लेमेंट मागे सुकाणू धरून उभे राहत. माझ्या खोलीत असायच्या त्या ऑल्विनबाई. त्या माझे पितळ पुसायच्या, गुणगुणायच्या. शेजारून नाव गेली की क्लेमेंट छाती काढून सांगत, "एकतीस वर्षं झाली, पण इंजिनाने कधी दगा दिला नाही!" मी फुगून जाई, पण बाईंकडे पाहून जरा ओशाळतही असे. संध्याकाळी नाव काठाला बांधली की बाई खालून ओरडायच्या, "झालं!" मग क्लेमेंट खाली येऊन चहाचा कप उचलत.

गेल्या हिवाळ्यात ऑल्विनबाई वारल्या. त्यांचा कोट माझ्या शेजारी खुंटीवर तसाच राहिला. तो बघवत नाही म्हणून क्लेमेंट माझ्या खोलीत येईनासे झाले. सुकाणूजवळची किल्ली फिरवून मला सुरू करत आणि पाठ फिरवत. झुडपांतल्या नऊ वर्षांतही मला इतके एकटे वाटले नव्हते.

वसंतात त्यांची मुलगी हेस्टर आली. म्हणाली, "बाबा, नाव विकू या. माझ्याकडे राहायला चला."

"का? मी काय मोडीत निघालोय?"

"मग हिला एकट्याने अल्डर मिलच्या गोदीपर्यंत आणून दाखवा. शनिवारी मी तिथे येते. पोचलात, तर विकायचं नाव काढणार नाही."

आम्ही निघालो. गुरुवारी दुपारी नावेच्या शेपटाकडे, जिथे माझा दांडा पाण्यातल्या पंख्याकडे जातो, तिथे करकर वाढली. मला ती कधीपासून जाणवत होती, पण सांगणार कसा? दांडा तापून अडकला. मी एक आचका दिला आणि बंद पडलो. तळाशी पाणी झिरपू लागले.

क्लेमेंट दारात आले. "तूसुद्धा?" एवढेच म्हणाले. मग दोर खांद्यावर घेऊन ते काठाच्या पायवाटेने वीस टनांची नाव ओढू लागले, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मी आत नुसते ओझे होऊन बसलो होतो. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

समोरून कोळसा विकणारी नाव आली. तिची मालकीण डोरीन ओरडली, "काय रे क्लेम, घोडा परवडला नाही म्हणून स्वतःलाच जुंपलंस?"

"इंजिन मेलं, डोरीन."

ती माझ्या खोलीत शिरली, विजेरी मारत मागपर्यंत गेली. "ग्रीस शेवटचं कधी दिलंस?"

"कसलं ग्रीस?"

"ही पितळी मूठ दिसतेय का? नाव बांधली की हिला रोज एक फेरा द्यायचा, म्हणजे पंख्याच्या दांड्यात ग्रीस जातं आणि पाणी बाहेर राहतं. ऑल्विन द्यायची की! फेरा दिला की वर ओरडायची, झालं म्हणून. अर्ध्या कालव्याला ऐकू जायचं."

क्लेमेंट बघतच राहिले. "ते... ते चहाचं नव्हतं?"

डोरीनला हसू येणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून ती थांबली. "चहाचंही असेल रे," ती हळूच म्हणाली.

ते माझ्याजवळ जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

डोरीनने शुक्रवारी दांड्याभोवती पाणी अडवायला ठासलेली, आता जळालेली दोरी काढून नवी ठासली, ग्रीस भरले. मी सुरू झालो. "मी कुणाला बोलणार नाही. जा, वेळेत पोच," ती म्हणाली.

आणि आम्ही वेळेत पोचलो! गोदीवर हेस्टर उभी होती. "आणलीत की हो बाबा! वाटेत काही अडचण?"

नाही म्हणाले असते, तर कुणाला कळले असते? पण त्यांनी सगळे सांगितले. हेस्टर म्हणाली, "जाऊ द्या. आणलीत ना शेवटी? नाव तुमचीच."

"एकट्याने आणायची ठरली होती, पोरी. एकट्याने मी ही नाव एक दिवसही चालवली नव्हती. मला परवा कळलं." त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली, खुंटीवरचा कोट घेतला आणि ते उतरले.

आता माझे नवे मालक आहेत. मोबाइलचा गजर वाजला की ते पितळी मुठीला फेरा देतात. माझी काही तक्रार नाही, पण माझ्याशी कुणी बोलत नाही.

मित्रांनो, यंत्राला वेळच्या वेळी तेलपाणी करा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्याही घरात कुणीतरी असे काही रोज गुपचूप करत असेल, म्हणून घर चालत असेल. ते काय करतात, ते आजच त्यांना विचारा. मला सगळे माहीत होते, पण मला बोलता येत नव्हते. क्लेमेंटना बोलता येत होते, आणि विचारायला एकतीस वर्षे होती.