पिळायचा न्हाई, सावलीत वाळवायचा

लातूरच्या गंजगोलाईमागच्या एका बोळात कहकशांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. आधी तिचे वडील मोहियोद्दीन मास्तर तिथं बसायचे, त्यांच्यामागं ती बसू लागली. ब्लाउज, शाळेचे गणवेश, साड्यांचे फॉल, आणि क्लासची गर्दी वाढल्यापासून बॅगांच्या चेन, तुटलेले बंद, उसवलेल्या पॅन्ट. बारावीची पोरं कपडे फाटेस्तोवर वापरायची आणि फाटले की एका तासात शिवून मागायची.

२०१६ सालच्या एप्रिलातली गोष्ट. लातूरचे नळ कधीचे कोरडे पडले होते. टँकर आठवड्यातून एकदा आला तर आला. मिरजेहून रेल्वेनं पाणी येणार, असं लोक एकमेकांना सांगायचे आणि मग रिकाम्या घागरींकडं बघायचे. कहकशांचा नवरा सद्दाम टेम्पो चालवायचा, तो येता-जाता कुठल्या तरी शेतातल्या विहिरीवरून दोन कॅन भरून आणायचा. त्या दोन कॅनांत घर चालायचं.

एके दिवशी दुपारी दोन वाजता, बोळात चिटपाखरूही नसताना, एक पोरगा दुकानाच्या पायरीशी आला. सतरा-अठराचा असेल. केस बारीक कापलेले, टी-शर्टावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरची गुंडीसुद्धा लावलेली. बघूनच कहकशांला उकडायला लागलं.

"आपा, हे जरा आवळून द्याल का? सैल पडलंय."

त्यानं पिशवीतून एक काळं कापड काढलं. आखूड बनियनसारखं, पण दुपदरी, जाड, आणि खाली इलास्टिकची रुंद पट्टी. कहकशांनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"काय म्हणायचं ह्याला?"

"बाइंडर."

"बाइंडर? वह्या-पुस्तकं शिवतात तो?"

पोराला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "न्हाई. छातीला घालायचं असतं. माझ्या भावाच्या बरगडीला मार लागलाय. त्याचं हाय."

बरगडीचे पट्टे कहकशांला नवे नव्हते. बरगडीचा पट्टा पुढून बांधतात, कारण बरगडी मोडलेल्या माणसाला हात वर करता येत नाहीत. हे कापड तर डोक्यातून घालायचं होतं. पोरगा खोटं बोलतोय हे तिला तिथंच कळलं. पण माप देताना लोक हजार गोष्टी लपवतात, आणि शिवणाऱ्यानं त्या ऐकून घ्यायच्या असतात. तिनं कापड उजेडात धरलं.

काखेशी मिठाच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. कापड पापडासारखं कडक झालं होतं. इलास्टिक ओढलं तर ओढलेलंच राहिलं.

"कुठं वाळवता हे?"

"पत्र्यावर. लवकर वाळतं. एकच हाय ना."

"आणि धुताना पिळता."

"करकचून."

"पाणी कुठलं?"

"होस्टेलच्या बोअरचं. दिवसाला एक बादली मिळते. आंघोळ, कपडे, सगळं त्यातच."

कहकशांनं वाटीभर पाणी घेतलं, कापडाचा एक कोपरा त्यात बुडवून दोन बोटांनी दाबला. वाटीत फेस आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला.

"बघ. साबण अजून आतच हाय. घाम आला की हाच साबण अंगाला लागणार. खाज सुटत असंल. भावाला."

पोरगा वाटीकडं बघत राहिला. त्याचा हात नकळत काखेकडं गेला आणि परत खाली आला.

"हे मी आवळून देणार न्हाई," कहकशां म्हणाली. "इलास्टिक मेलंय. मेलेलं आवळलं तर नुसतं काचतं. दोन दिवस ठेव, नवी पट्टी लावून देते. तवर बिनपट्ट्याचं राहू दे त्याला."

"दोन दिवस?" पोराचा चेहरा उतरला. "न्हाई जमणार, आपा." त्यानं कापड ओढून पिशवीत कोंबलं आणि उन्हातून निघून गेला.

कहकशां मशीनवर बसली, पण हात चालेना. तिला विठाबाई आठवली.

त्र्याण्णव साली किल्लारीकडं भूकंप झाला तेव्हा कहकशां पंधरा वर्षांची होती. कुणी डॉक्टर मोहियोद्दीन मास्तरांकडं आले आणि म्हणाले, बरगड्या मोडलेली माणसं खूप आहेत, पट्टे कमी पडतात, शिवून द्याल का. मास्तरांनी गादीपाटाचं कापड आणलं आणि बापलेकीनं महिनाभर पट्टेच शिवले. ते पोचवायला ती वडिलांबरोबर लातूरच्या दवाखान्याजवळ जखमींसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली होती. ऑक्टोबरचं ऊन, पत्रे तापलेले. तिथं विठाबाई नावाची एक बाई तीन आठवडे पट्टा न सोडता बसली होती. सोडला तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही निघाली. डॉक्टर रागावले. पट्टा दिवसातून चारदा सोडायचा, खोल श्वास घ्यायचा, खोकायचं, न्हाई तर छातीत कफ साठतो, असं ते म्हणाले. विठाबाईनं ऐकून घेतलं. ते गेल्यावर ती कहकशांला म्हणाली, "आवळलेलं असलं की बरं वाटतंय गं. सोडलं की समदं सांडल्यावानी होतंय." तिच्या घरातलं कुणीच उरलं नव्हतं.

मग रोज कहकशांनंच तिचा पट्टा सोडला, धुतला, झाडाखाली वाळवला, आणि वाळेस्तोवर ती विठाबाईजवळ बसून राहिली. दुसरा पट्टा शिवल्यावर बसायची गरज उरली नाही, तरी ती जायची.

पोरगा येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी चौकात टँकर आला. कहकशां घागर घेऊन रांगेत उभी होती. पुढं एकदम गलका झाला. "वर्षाराणी पडली! अगं, वर्षाराणी पडली!" क्लासच्या तीन-चार पोरी ओरडत होत्या. कहकशां पुढं झाली तर रस्त्यावर तोच पोरगा पडलेला. तोच पूर्ण बाह्यांचा शर्ट, ओठ पांढरे.

कुणीतरी त्याच्या शर्टाच्या गुंड्या सोडायला वाकलं, तसा त्यानं डोळे उघडून दोन्ही हातांनी शर्टाचा गळा घट्ट धरला.

"सोडा, हात लावू नका," कहकशां म्हणाली. "माझ्या वळखीचं हाय. घर इथंच हाय माझं."

पोरींच्या मदतीनं तिनं त्याला घरी नेलं, पोरींना वाटेला लावलं, दार लोटलं आणि पंखा त्याच्याकडं वळवला. सद्दामचा एक ढगळ कुडता त्याच्या हातात दिला.

"मी तोंड फिरवून बसते. जे काय आवळलंय ते समदं काढ आणि हे घाल. सावकाश."

बराच वेळ नुसती सळसळ ऐकू येत राहिली. ती वळली तेव्हा जमिनीवर ते काळं बाइंडर पडलं होतं, आणि शेजारी, वेटोळं होऊन, त्याच्यावरून गुंडाळलेला ताणाचा पट्टा, पाय मुरगळल्यावर बांधतात तसला. ढगळ बाहीतून दिसणारी काखेखालची कातडी लाल झाली होती, एका जागी पाझरतही होती. कहकशांनं मीठ-साखर-लिंबाचं पाणी दिलं. पोरगा घोट घोट प्याला.

"भाऊ न्हाई मला," तो म्हणाला.

"ते म्या वळखलं."

"घरी मला वर्षाराणी म्हणतात. कागदावर पण तेच हाय, म्हणून पोरींच्या होस्टेलात ठेवलंय. पण मी आदिनाथ हाय, आपा. लहानपणापासून हाय. पोरगी न्हाई मी." तो थांबला. "हे घातलं की वर्गात बसता येतं. न्हाई घातलं तर समदं ध्यान अंगाकडं. फळ्यावर काय लिवलंय ते दिसतच न्हाई."

कहकशांनं अशा माणसांविषयी टीव्हीवर ऐकलं होतं. आपल्या घरात, आपल्या चटईवर असं कुणी बसेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिला अवघडल्यासारखं झालं. बोळातल्या बायका काय म्हणतील, सद्दाम काय म्हणेल, हेही मनात येऊन गेलं. मग तिची नजर त्या पाझरत्या कातडीवर गेली.

"मला ह्यातलं लई कळत न्हाई, बेटा," ती म्हणाली. "कापड कळतं. हे कापड तुला मारून राहिलंय. रात्री पण घालून झोपतो ना?"

त्यानं मान डोलावली.

"आता चार दिवस काहीच घालायचं न्हाई. कातडी भरू दे. सैल शर्ट घाल, वही छातीशी धरून बस, काय बी कर. आणि हा ताणाचा पट्टा पुन्हा बांधलास तर मी माप घेणार न्हाई."

"कसलं माप?"

"नव्याचं. दोन शिवते. एक अंगावर, एक दोरीवर."

चार दिवस आदिनाथ वर्गात गेला नाही. तापाचं निमित्त करून खोलीत पडून राहिला आणि पडल्या पडल्या पुस्तकं वाचली. पाचव्या दिवशी आला तेव्हा कातडी कोरडी झाली होती. कहकशांनं टेप लावली.

"श्वास भर. पुरा. अजून. हां, आता थांब." तिनं छाती फुगलेली असतानाचा आकडा खडूनं फळीवर लिहिला.

"पण मग सैल होईल, आपा."

"श्वास बसंल एवढं सैल. त्याच्यापेक्षा घट्ट मी शिवत न्हाई."

आदिनाथ रुसला. उठून पायरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं आपणच आत आला आणि हात वर करून उभा राहिला.

पहिला पट्टा फसला. पुढचं पॉपलिन बरोबर बसलं, पण मागचं ताणाचं कापड वर सरकून पाठीत गोळा व्हायचं. तिनं तो उसवला आणि खाली एक घडी जास्त दिली. काळ्या बाइंडरसारखा तो डोक्यातून ओढायचा नव्हता. घामट अंगावर ओढताना कातडी सोलते, म्हणून तिनं कुशीला ब्लाउजचे हुक लावले, दोन ओळींत, उन्हाळ्यात बाहेरच्या, सैल ओळीवर लावायला. आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर दिलं. आरशासमोर आदिनाथनं टी-शर्ट घातला, आडवा वळून पाहिलं, मग उभा. पहिल्याइतकं सपाट नव्हतं. पण त्याची पाठ ताठ झालेली कहकशांला दिसली.

धुणं शिकवायला मात्र तिला जास्त वेळ लागला. आदिनाथला घाई. साबण घसाघसा लावायचा, झटकायचा, पिळायला हात वळायचे. ती हातावर चापट मारायची.

"पिळायचा न्हाई. टॉवेलात घाल, गुंडाळ, वरून दाब. टॉवेल पाणी पितोय. हां."

बोअरचं पाणी खारं. त्यात साबण सुटत नाही आणि कापड आखडतं. म्हणून पोरं प्यायला जे जारचं पाणी विकत घेत, त्यातलाच एक तांब्या शेवटच्या खळबळण्याला राखायचा. साबण चिमूटभर. फेस निघायचा थांबला की कापड धुतलं गेलं, तोवर नाही. ते पाणी मग फरशी पुसायला. घाम मुरलेला पट्टा दुसऱ्या दिवशी तसाच घालायचा नाही. पावडर थापायची नाही, तिचा चिखल होतो. दुपारी उन्हाच्या तडाख्यात खोलीवर असला तर काढून ठेवायचा, दहादा खोल श्वास घ्यायचा, खोकायचं. आणि वाळवायचा सावलीत, आडवा पसरून, कारण उभा टांगला की पाण्याच्या वजनानं इलास्टिक ओढलं जातं. पोरींच्या होस्टेलात वाळवायची पंचाईत होती, म्हणून आदिनाथ एक दिवसाआड येऊन कहकशांच्या मागच्या पडवीतल्या बाजेवर पट्टा पसरायचा आणि तिथंच बसून भौतिकशास्त्राची गणितं सोडवायचा. सद्दामनं एकदा विचारलं, हे कोण. "माझं गिऱ्हाईक," कहकशां म्हणाली. त्या आठवड्यापासून सद्दाम दोनाऐवजी तीन कॅन आणू लागला.

एप्रिल संपता संपता होस्टेलवाल्यांनी हात टेकले. पाणी नाही, घरी जाऊन अभ्यास करा, मेडिकलच्या परीक्षेच्या दिवशी या. आदिनाथचे वडील श्रीमंतराव अहमदपूरजवळच्या गावाहून सामान न्यायला आले. धोतर, टोपी, उन्हानं रापलेला चेहरा. पेटी जीपमध्ये टाकून ते लेकरामागोमाग दुकानाशी आले. आदिनाथ दोन्ही पट्टे घ्यायला आला होता. कहकशांनं ते कागदात गुंडाळायला घेतले.

"काय शिवलं म्हणायचं हे, भाभी?" श्रीमंतरावांनी विचारलं.

आदिनाथ पांढरा पडला. कहकशांनं त्याच्याकडं पाहिलं. खोटं सांगायला तिच्याकडं बरगडी होती, पाठदुखी होती. पण हे कापड आता ज्या घरात धुतलं जाणार होतं, त्या घरातल्या माणसाला ते कसं धुवायचं हे कळायला पाहिजे, असं तिला वाटलं.

"छातीवर घालायचं कापड हाय, भाऊ. ह्याला रोज लागतं. थंड पाण्यात हातानं धुवायचं. पिळायचं न्हाई, दगडावर आपटायचं न्हाई. सावलीत आडवं वाळवायचं. झोपताना काढून ठेवायचं. मी समदं शिकवलंय, पण परीक्षेच्या घाईत विसरंल, तर तुम्ही ध्यान ठेवा."

ती 'ह्याला' म्हणाली होती. श्रीमंतराव तिच्याकडं बघत राहिले, मग लेकराच्या बारीक केसांकडं, मग पुडक्याकडं.

"आमच्या हिरीचं पाणी गोडं हाय," ते शेवटी म्हणाले. "तळाला गेलंय, पण गोडं हाय. चालंल ना?"

"लई चालंल."

त्यांनी पुडकं स्वतःच्या काखेत मारलं आणि जीपकडं चालू लागले. आदिनाथ मागं वळून वळून बघत गेला.

मेडिकलला त्याचा नंबर लागला नाही. पुढं नांदेडला त्यानं प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा कोर्स धरला. कागदावरचं नाव बदलायला बरीच वर्षं गेली, आणि आई अजून जुन्याच नावानं हाक मारते, असं तो फोनवर सांगायचा. वडील कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत. "अरे" म्हणतात. पण त्या एप्रिलात गावी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोठ्यामागं चिंचेच्या सावलीत एक जुनी बाज मांडून दिली होती आणि गुरं तिकडं जाऊ नयेत म्हणून काट्या लावल्या होत्या.

आदिनाथ नांदेडला गेल्यावरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिथून दोघं जण कहकशांचा पत्ता शोधत आले. आदिनाथनं पाठवलं म्हणाले. दोघंही पायरीवर अवघडून उभे राहिले. कहकशांनं टेप गळ्यात अडकवली, आधी त्यांना पाणी दिलं, आणि मग विचारलं, "धुवायला पाणी कुठलं हाय तुमच्याकडं?"