लांब कानांचा बैल

मुलांनो, निजामाच्या राज्यातल्या जळकोटचा पोळा डोळ्यांपुढं आणा. ब्रह्मदेशातली लढाई संपली होती. शौर्यपदक घेऊन परतलेल्या शांतलिंगाच्या बैलजोडीला यंदा वेशीतून पहिलं जाण्याचा मान मिळाला होता. बाहेर हलगी वाजत होती, आणि शांतलिंग मात्र गोठ्यात तोंड लपवून बसला होता.

त्याची लेक नागम्मा हसत आली. "आप्पा, गाव खोळंबलंय. गोळीबारात टेकडीवर दारूगोळा नेलात, आन् हलगीला भ्यालात व्हय?"

"म्या न्हाय नेला, पोरी. चांदीनं नेला, आमच्या खेचरानं. म्या तर डोळं मिटून तिची शेपटी धरली होती. वर पोचलो आन् तिला गोळी लागली. म्या पेट्या उतरवल्या आन् तिला तशीच टाकून पळालो. ती मान वळवून बघत होती."

"मग पदक तिला का न्हाय दिलं?"

"खेचराला कोण देतंय? आन् म्या तरी कुठं तिचं नाव सांगितलं?"

नागम्मा घरात गेली. देवापुढं मातीचे बैल मांडले होते. उरलेल्या मातीचा तिनं आणखी एक केला, शिंगांच्या जागी लांब कान लावले आणि पहिली पुरणपोळी त्याच्यापुढं ठेवली.