बंबाच्या टाकीवरचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचाही नव्हे. एका लहान शहराच्या आगीच्या बंबावर, पाण्याच्या टाकीला लागून, मी काचेच्या गोल डबीत बसलेला असतो. टाकीत एक पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो. पाणी चढले की तो चढतो, उतरले की उतरतो. त्याच्या दांडीला जोडलेला मी बाहेर सांगतो, आत किती पाणी आहे. माझे काम एवढेच. तेही मी एकदा खोटे केले, आणि ते सांगताना आजही मान वर होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी बारीक कुंचल्याने माझ्यामागे ‘रिकामी’, ‘अर्धी’, ‘भरलेली’ असे शब्द रंगवले. मग मी या बंबावर आलो. बंबाचे चालक तात्या मोठे बोलघेवडे. कोणी पाहुणा आला की माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणायचे, “माझा अंदाज चुकेल एक वेळ, पण आमच्या काट्याचा नाही!” ते ऐकून मी फुगून जायचो.

दर शनिवारी बंब धुतला जाई. माझी काचही मऊ फडक्याने पुसली जाई. टाकीच्या आत मात्र वर्षानुवर्षे कोणी डोकावले नाही. क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर दांडीच्या सांध्यावर चढत गेला. एका उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरलेली असताना दांडी तिथेच अडकली. पाणी कमी झाले, तरी मी ‘भरलेली’ दाखवत राहिलो. सवयीने रोज टाकी भरली जात होती, म्हणून माझे पितळ उघडे पडले नाही.

त्याच उन्हाळ्यात भोवतालचे डोंगर पेटले. तीन दिवस आकाश मातकट होते, दोरीवरच्या कपड्यांवर राख पडत होती. आमच्या अग्निशमन केंद्रात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अंगणात पाइप पसरून तपासले गेले, शहराच्या कडेचे वाळके गवत कापले गेले. गवताची आग झोडपायला लांब दांड्यांची अवजारे लागतात. त्यांचे चाळीस दांडे करून द्यायचे काम शहराच्या टोकाला राहणाऱ्या सुतारकाकांनी आपणहून अंगावर घेतले होते.

आदल्या दिवशी कडेच्या घरांची छपरे भिजवण्यात आमची पाऊण टाकी संपली. तात्या थकून घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तर मी ‘भरलेली’ म्हणतोय. त्यांना वाटले, दुसऱ्या पाळीने भरली असेल.

केंद्रप्रमुख मॅडम यादी घेऊन फिरत होत्या. “तात्या, टाकी?”

“फुल आहे, मॅडम.”

“वर चढून बघितलंत?”

“काटा दाखवतोय की!”

मॅडमनी यादीवर खूण केली आणि त्या पुढे गेल्या. मी काचेआड ओरडत होतो म्हटले तर खोटे ठरेल. काट्याला ओरडता येत नाही.

दुपारी वारा फिरला. उडालेल्या ठिणग्या सुतारकाकांच्या कारखान्यामागच्या भुशावर पडल्या. आम्ही पोचलो तेव्हा काका आत धावत होते. तात्यांनी त्यांना दंडाला धरून थांबवले. “काका, बाहेरच थांबा. टाकी भरून आणलीय, आत्ता विझवतो.”

काका थांबले. पाणी सुटले, ज्वाळा दबल्या, आणि चारच मिनिटांत पाइप उचकी लागल्यासारखा थरथरला आणि लुळा पडला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी ‘भरलेली’ म्हणत होतो.

दुसरा बंब आल्याने शेजारचे काकांचे घर वाचले. कारखाना गेला, आणि त्यात तयार झालेले अडतीस दांडेही.

आग विझल्यावर एक जवान म्हणाला, “काट्यानं घात केला.” तात्यांनी मान हलवली. “काटा लोखंडाचा आहे रे. चढायला पाय मला होते.” मग ते काकांसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळे खरे सांगितले.

“तात्या,” काका हळूच म्हणाले, “पाणी नाही एवढंच सांगितलं असतंत, तर मी वडिलांची हत्यारं तरी बाहेर काढली असती.”

मित्रांनो, शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते.

डोंगर अजून जळत होते. त्यामुळे लाज वाटून बसायला कोणालाच सवड नव्हती. मॅडमनी सर्वांसमोर सांगितले, “खूण मी केली होती. चूक माझीही आहे.” त्यांनी टाकी उघडून घेतली. तात्या आत उतरले आणि ब्रशने दांडीचा थर खरवडत बसले. सुटलो तेव्हा मी घसरून थेट ‘रिकामी’वर आलो. किती हलके वाटले म्हणून सांगू! पावसाने आगी विझेपर्यंत मी एकदाही चुकलो नाही. तरीही प्रत्येक फेरीआधी तात्या शिडी चढून झाकण उघडतात. माझ्या काचेवर टिचकी मारून बढाई मारणे मात्र त्यांनी सोडले.

सुतारकाकांनी नवीन कारखाना उभारला आहे. आमचा बंब तिथून जातो तेव्हा ते हातातले काम थांबवत नाहीत, वर बघतही नाहीत. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही.

म्हणून एक विनंती आहे. आम्हाला बाहेरून पुसता, तसे कधी आतूनही तपासा. आणि कोणी तुम्हाला भरवशाने काही विचारले, आणि तुम्ही स्वतः पाहिलेले नसेल, तर ‘मी पाहिलं नाही’ म्हणा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.