नान राहू द्या

शनिवार होता. पापा नेहमीसारखे आपल्या खेळासमोर बसले होते आणि मी त्यांच्या मागे उभी राहून पडद्याचा रंग सहन करत होते. ओल्या भिंतीवर बुरशी चढते तसा हिरवा आणि त्यावर मोहरीच्या रंगाची अक्षरं. लांडगा चावला. तुमचा वार चुकला. लांडग्याचा वार चुकला. तुमचा वार चुकला. एक लढाई चहा निवेपर्यंत चालायची. जिंकल्यावर हाती काय, तर एक ओलं कातडं. ते पिशवीत ठेवलं की बाकीचं मांसही नासायचं.

करागंदाच्या कोळसा खाणीतला पापांचा संगणक विभाग बंद झाला, तेव्हापासून पापा एकट्यानं हा खेळ रचत होते. नाव 'जुत'. गवतावर बर्फाचं कवच धरतं आणि कळपच्या कळप उपाशी मरतात, तो जुत. खेळणारा मेंढपाळ होतो आणि कळप जगवत फिरतो. नकाशा नाही, खुणेचा बाण नाही. वाट विचारायची तर माणसांना विचारायची, आणि माणसंही पापांसारखीच तुटक बोलणारी.

“छान आहे म्हणू नकोस,” पापा मागे न बघता म्हणाले. “काय खटकतं ते सांग.”

“छान आहे, पापा.”

“संपादक म्हणून बाहेरच्या लेखकांना लाल शाईनं सोलतेस. मला मात्र 'छान'. मी काय तुझा सासरा आहे?”

“सासऱ्यांचंही सोललं असतं. ते लिहीत नाहीत.”

ते खो खो हसले. मी निघाले तेव्हा दारात त्यांनी नानचा तुकडा मोडून माझ्या तोंडापाशी धरला.

“पोट भरलंय, पापा.”

“पोटाचं कोण विचारतंय? तोंडाला लाव.”

आमच्याकडे भरल्या ताटावरून उठलेला माणूसही नान चाखल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. पापांनी हा नियम खेळातही घातला होता. ज्या तंबूत नान चाखलं, तिथवरचीच वाटचाल जपली जायची. न चाखता निघालात आणि पुढे मेलात, तर सगळं पाण्यात. माझा एक अख्खा रविवार असा गेला होता. त्या दिवशी मी संगणक बंद करून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले होते. मला त्या खेळाचा वीट आला होता आणि त्या दारातल्या तुकड्याचाही. त्या शनिवारीही तो चावत चावत मी जिना उतरले.

सोमवारी बसथांब्यावर त्यांचं हृदय थांबलं.

नंतरच्या आठवड्यांत मी 'जुत' रोज खेळले. किळस कमी झाली नाही. लढाया तितक्याच भिकार वाटल्या. पण एका तळावर कोणी माझ्या मेंढ्यांना पाणी देईना. कारण कळायला फार वेळ लागला. कितीतरी आधी मी एका आंधळ्या म्हातारीला, तुझा मुलगा वाटेत आहे, असं खोटंच सांगून तिच्याकडून गवत घेतलं होतं. ती बातमी माझ्या आधी तिथे पोचली होती.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घर भरलं. ओठांवर घोड्याच्या मांसाची चरबी घेऊन लोक म्हणत होते, केवढी थोर कलाकृती! त्यांतल्या एकानंही तो खेळ उघडलेला नव्हता.

अल्माटीच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीतून येरझात आला होता. त्याला 'जुत' हवा होता. मला तो आपाय, म्हणजे ताई, म्हणत होता.

“आपाय, तुमचे वडील म्हणजे प्रतिभा!”

“कुठवर खेळलात?”

“सुरुवात बघितली. काय वातावरण आहे!” त्यानं फोन पुढे केला. “आमचं रूप बघा. रंग बदलले. डोक्यावर बाण आले. कधीही थांबा, कुठूनही सुरू करा. ती नानची भानगड काढली. लोक वैतागतात हो.”

पडद्यावर सोनेरी ऊन होतं. कडाक्याच्या थंडीत उघड्या खांद्यांची एक मुलगी मेंढ्यांमागे पळत होती. मेंढ्या साबणानं धुतल्यासारख्या दिसत होत्या.

“लाखो लोक खेळतील, आपाय.”

पापांना तेच तर हवं होतं. कोणीतरी खेळावं. आता खेळणारी मी एकटी, तीही नाक मुरडत. मी हो म्हणायला तोंड उघडलं तोच त्याचा फोन वाजला.

“गाडी आडवी लागलीय माझी,” म्हणत तो उठला.

उल्बोसिन आत्या, पापांची थोरली बहीण, तळलेल्या शेल्पेक पोळ्यांची थाळी घेऊन दारात आडवी आली. पापांच्या नावानं पहाटेपासून तिनं त्या तळल्या होत्या. “अरे बाळा, तोंडाला तरी लाव!”

“पुढच्या वेळी, आजी. तेलकट चालत नाही मला.”

तो तिला वळसा घालून बाहेर पडला. आत्या थाळी धरून तशीच उभी राहिली.

“आपाय, मग पक्कं ना?” तो जिन्यातून ओरडला.

“नाही.”

“काय नाही?”

“खेळ मिळणार नाही.”

“उद्या फोन करतो, शांतपणे बोलू.”

“करू नका.”

मी दार लावलं.

“एवढ्यावरून?” आत्या म्हणाली. “शहरातलं पोर आहे गं.”

“आत्या, तो हा खेळ नीट खेळला असता ना, तर तोंडाला लावायला जिन्यातून परत आला असता.”

आत्यानं थाळी टेबलावर, पापांच्या संगणकाशेजारी ठेवली आणि माझ्याकडे रोखून बघितलं. “आणि तू? सगळे सकाळपासून वाहवा करतायत, तू एक शब्द बोलली नाहीस. आवडतो का तुला तो? खरं सांग.”

मी शेल्पेकचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. तेल गार झालं होतं. संगणकाच्या काळ्या पडद्यात माझाच चेहरा दिसत होता. मी त्या पडद्याशीच बोलू लागले.

“पापा, खेळ रटाळ आहे. तो हिरवा रंग बघून ओकारी येते. लढाया निम्म्या करा, तिसरा लांडगा आला की माणूस उठून जातो. पिशवीतलं काहीही सापडत नाही. म्हातारीला हात लावू नका, ती तुमची सगळ्यात चांगली जागा आहे. आणि कोणी कितीही कुरकुर केली, मी केली तरी, नान राहू द्या.”