उजव्या पानावरची कुरकुर

"सिस्टर, सही करा आणि विषय मिटवा," मोठे डॉक्टर म्हणाले.

नव्या नर्सच्या हलगर्जीपणामुळे सात नंबरच्या खाटेवरचे मास्तर गेले, असं कागदावर टाइप केलेलं होतं. मास्तरांचा रक्तदाब टिकवणारं औषध देणारा पंप दुपारी वीज गेल्यावर बंद पडला होता.

या पंपाच्या कार्यशाळेला वॉर्डातून सिस्टरच गेल्या होत्या. अशा कार्यशाळांत बाकीचे प्रमाणपत्रापुरते बसायचे. सिस्टर मात्र वहीच्या डाव्या पानावर शिकवणारा काय सांगतो ते लिहायच्या आणि उजव्या पानावर आपल्या वॉर्डात त्याचं काय होणार ते. डावीकडे होतं: वीज गेल्यास बॅटरी चार तास चालते. उजवीकडे: आपले पंप दुसऱ्यांनी वापरून टाकलेले, बॅटरीवर विसंबू नका, आधी रुग्णापाशी पळा.

मेट्रननी भिंतीवर लावायला फक्त डाव्या पानांची झेरॉक्स काढली. "उजवीकडे नुसती तुझी कुरकुर आहे गं," म्हणाल्या. नव्या नर्सने भिंतीवरचं वाचलं होतं. चार तास आहेत म्हणून ती आधी दुसऱ्या रुग्णाकडे गेली. पंप अकरा मिनिटांत बंद पडला. बॅटरीच मेली, तर पंपाचा इशाऱ्याचा भोंगा कुठून वाजणार?

"तिला दुसरी नोकरी मिळेल," डॉक्टरांशेजारी बसलेल्या मेट्रन म्हणाल्या. "तुझं निवृत्तीला वर्ष राहिलंय. कशाला विस्तवाशी खेळतेस?"

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मॅडम, चोरांत मीपण आहे. तुम्ही अर्धीच पानं लावलीत, तेव्हा मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. लाज वाटते मला."

कागद तसाच ठेवून त्या बाहेर आल्या. बाकावर मास्तरांच्या पत्नी त्यांच्या सामानाची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"ती नवी मुलगी चुकली म्हणतात," त्या म्हणाल्या.

"नाही काकू. तिला आम्ही सांगितलं तसंच ती वागली. चुकलो आम्ही." सिस्टरांनी बॅटरीपासून झेरॉक्सपर्यंत सगळं सांगितलं. आवाज चढला होता, तो त्यांनी उतरू दिला नाही. दाराआड मेट्रन ऐकत होत्या, तर ऐकू देत.

काकू म्हणाल्या, "हे लिहून द्याल?"

सिस्टरांनी तिथेच गुडघ्यावर कागद धरून लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली, तारीख टाकली.

काकूंनी तो वाचला, बारीक घडी घातली आणि पिशवीतून मास्तरांच्या चष्म्याची डबी काढून चष्म्याखाली ठेवला.