चौकट नसलेला भाऊ

नोंदणी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर मी इतरांच्या घराण्यांचे वंशवृक्ष काढतो. वारसाचा अर्ज आला, की जाड कागदावर काळ्या शाईने चौकटी आखायच्या, नावे लिहायची आणि ती रेषांनी जोडायची. जन्मून तासाभरात गेलेल्या मुलालाही चौकट मिळते. तिच्यात फक्त फुली असते. जो जन्मलाच नाही, त्याला चौकट नाही. हा नियम मला नेहमी दयाळू वाटत आला होता. त्यामुळे कागदावर सगळे मावतात, आणि शोकही मावतो.

बाबांना जाऊन आठ महिने झाले, तेव्हा आमच्याच घराचा अर्ज करण्याची वेळ आली. आजोबांनी मृत्युपत्रात लिहिले होते: घर थोरल्या मुलाला, त्याच्यामागे त्याच्या रक्ताच्या वारसाला; तसा वारस नसेल, तर धाकट्याला. थोरले म्हणजे बाबा, धाकटे म्हणजे काका. घरात आता आई आणि मी, दोघेच राहत होतो.

काका शिंपी आहेत. समोर माणूस आला, की त्याचे माप ते आधी डोळ्यांनी घेतात. आमच्या अर्जावर त्यांनी हरकत घेतली, आणि वकिलांच्या खोलीत माझेही माप घेतले.

"वहिनीबद्दल मला काही बोलायचं नाही," असे म्हणून ते तेच बोलले. "पण आमच्या वडिलांचे खांदे उतरते, दादाचे उतरते, माझे उतरते. आणि ह्याचे बघा. शर्टातून हँगर काढायचा राहिलाय जसा."

वकील हसले. मीही हसलो, अपमानाच्या वेळी हसण्याची मला वाईट खोड आहे.

बाबांच्या पोटाच्या शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा एक तुकडा रुग्णालयाने मेणात जपून ठेवला होता. त्याच्याशी माझी लाळ ताडून पाहिली गेली. अहवालात लिहिले होते: पितृत्व अमान्य. त्याखाली आणखी एक ओळ होती: दोघांत काका-पुतण्याचे नाते संभवते.

त्या ओळीने सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळवल्या. काकूंनी त्यांच्याशी बोलणे टाकले. "सुईत दोरा ओवता येईना रे मला," काका फोनवर म्हणाले, "मी तसला माणूस नाही." त्यांनी आपण होऊन नमुना दिला. तेही माझे वडील निघाले नाहीत. विज्ञानाने त्यांनाही माझे काकाच ठरवले.

बाबांचा कंगवा आईने अजून धुतला नव्हता. तो रुमालात गुंडाळून तिने माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "ह्यांच्या केसांनाही विचारून बघा म्हणावं."

प्रयोगशाळेतल्या बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"कंगवा नक्की वडिलांचाच?"

"हो. दुसरं कुणी वापरत नव्हतं."

"मग कंगव्यावरचे गृहस्थ तुझे वडील. शंकाच नाही. मेणातले गृहस्थ मात्र नव्हेत. हे दोन वेगळे पुरुष आहेत. सख्खे भाऊ."

"बाबांना एकच भाऊ आहे."

"तो नव्हे. हा वेगळा." त्यांनी आवाज खाली आणला. "पोटात कधी कधी दोन जीव धरतात. कुणाला कळायच्या आत एक दुसऱ्यात मिसळून जातो. मरत नाही. कुठे कातडी होऊन राहतो, कुठे केस, कुठे..." मी लाजेन, हे त्यांच्या लक्षात आले असावे. "कुठे पुढची पिढी."

"मग आमच्याशी बोलायचे, ते दोघांतले कोण?"

"ते यंत्र सांगत नाही, बाळा."

मी घरी येऊन सांगितले, तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"कधीकधी ते कामावरून यायचे, दार उघडायचे, आणि मला उगाच उठून उभं राहावंसं वाटायचं. पाहुणा आल्यासारखं. जेवायला बसले, की पुन्हा आपले वाटायचे. मला वाटे, माझंच काहीतरी चुकतंय." पुढची घडी तिने तळहाताने दाबून सपाट केली. "तू झालास ना, तेव्हा तुला आधी त्या पाहुण्याने उचललं होतं."

वकिलांना यात भय दिसले नाही, पेच दिसला. "लग्नातलं मूल नवऱ्याचं, एरवी कायद्याला एवढं पुरतं. पण मृत्युपत्रात रक्त लिहिलंय. समोरचा म्हणेल, हा थोरल्याचा नव्हे, थोरल्याच्या भावाचा. त्या भावाला जन्मदाखला नाही, म्हणून मृत्युदाखला नाही. जो झालाच नाही, त्याला मूल कसं? काकांनी हरकत धरून ठेवली, तर तुमचं घर जाईल."

मी काकांच्या दुकानात गेलो. त्यांनी दोन्ही कागद वाचले, फळीवरची मापांची वही काढली आणि बाबांचे पान शोधले.

"उतरते म्हणालो ना मी? दादाचा उजवा उतरता होता. डावा सरळ. चाळीस वर्षं उजवीकडे पॅड भरून मी त्याचे कोट सारखे करत आलो. लोकांना दिसू दिलं नाही, आणि शेवटी स्वतःच विसरलो."

टेप माझ्या डाव्या खांद्यावर आली. ती गार होती. त्यांनी अंक वाचला, वहीत पाहिले, आणि बाबांच्या डाव्या खांद्याच्या अंकावर बोट ठेवले.

"म्हणजे मी एकट्याचं माप घेत नव्हतो."

"काका, ती हरकत..."

"गप रे. ह्याचा असलास तरी माझा पुतण्या, त्याचा असलास तरी माझा पुतण्या. भावाच्या मुलाला घराबाहेर काढू होय?" मग वही मिटून, "वहिनीला मी काय काय बोललो."

त्याच संध्याकाळी ते आईकडे जाऊन आले. ते काय बोलले, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हरकत मागे घेतली.

आमचा वंशवृक्ष कार्यालयाने मलाच काढायला सांगितला. आजोबांची चौकट, तिच्याखाली दोन, थोरल्याखाली मी. साक्षीदार म्हणून काका शेजारी उभे होते.

"मृताला भाऊ किती?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"एक," मी म्हणालो.

काकांची लेखणी कागदावर टेकून थांबली. "खोटी साक्ष होते का रे ही?" ते कुजबुजले.

"कायद्याने नाही."

त्यांनी सही केली. शिक्का बसला. घर आमचे राहिले, आणि मी माझ्या वडिलांचा मुलगा ठरलो.

कार्यालयाचा जिना दोघांनाच जेमतेम पुरतो. खालून कुणी येत नव्हते, वरून कुणी उतरत नव्हते. तरी काका भिंतीला अंग चोरून चालले होते आणि मी कठड्याला. दोघांच्या मधे एका माणसापुरती वाट मोकळी होती.

"सावकाश उतर," काका म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते.