रविवारचे साठ फोटो

टेबलावर पोह्यांच्या दोन बशा, चहाचे दोन कप, लिंबाच्या चार फोडी आणि शेवेची एक वाटी. खुर्च्या दोन, त्यांतली एक शेजारच्या शिखाकडून मागून आणलेली, कारण देवासच्या या खोलीत कृतिकाला आजवर दुसरी खुर्ची लागलीच नव्हती.

एम.एस्सी. झाल्यापासून ती जाहिरातवाल्यांना लागणारे तयार फोटो काढून एका वेबसाइटवर विकत होती. कामात गढलेली तरुणी, खिडकीशी वाचत बसलेली तरुणी, सर्दी झालेली तरुणी, सगळीकडे तीच. या वेळी विषय होता 'वडील आणि मुलगी, रविवारची सकाळ'. म्हणून तिनं धारहून वडिलांना, मानसिंगरावांना, बोलावून घेतलं. खरं तर फोटो हे निमित्त. आईला जाऊन चौदा महिने झाले होते आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं आटलं होतं. फोनवर 'जेवलीस का', 'जेवलात का' झालं की आबा ठेवून देत. मागच्या तीस कॉलची तिनं सरासरी काढली होती: एकेचाळीस सेकंद. समोरासमोर बसवलं तर बोलतील, असं तिला वाटत होतं.

कॅमेरा स्टँडवर होता. दर दहा सेकंदांना एक, असे साठ फोटो तो आपला आपण काढणार होता.

"आबा, तिकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघून बोला. आवाज येत नाही यात."

"काय बोलू?"

"काहीही."

आबांनी बशी पुढं ओढली आणि मान खाली घालून खायला लागले. कॅमेरा वाजत राहिला. कृतिका हसरा चेहरा धरून त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत बसली. ते पोहे खायचे नव्हतेच. मिठानं कांद्याला पाणी सुटतं म्हणून अळणी ठेवलेले, चकाकी यावी म्हणून वरून ब्रशनं कच्चं तेल लावलेलं, आणि सकाळी सहाचे असल्यानं पार गारढोण. हे आबांना सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. आता सांगावं तर ते खाणं थांबवून ओशाळतील, म्हणून ती गप्प राहिली. ते सावकाश, एकेक घास चावून खात होते. बशी स्वच्छ झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"बेटा, तू रोज असंच खातेस?"

"असंच म्हणजे?"

"एकदम फीके. ना मीठ, ना साखर."

"आबा, ते फोटोपुरते होते. खायचे नव्हते."

"मग सांगायचंस ना. वाढलेलं पानात टाकतात का? तुझी आई असती तर तुझ्या त्या कॅमेऱ्यालाही वाढलं असतं तिनं."

चौदा महिन्यांत त्यांनी आईचा विषय पहिल्यांदाच काढला होता.

"तिचे पोहे तरी सुरुवातीला कुठं धड होते," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी नुसता लगदा. मी खाल्ले. सांगितलं दोन वर्षांनी."

"मग?"

"मग काय. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

कृतिका हसली. आबाही हसले, आणि मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"इंदूरची बस निघेल. तिथून पुढं धारची धरायची आहे."

संध्याकाळी शिखाची खुर्ची परत देऊन आल्यावर तिनं साठही फोटो ओळीनं तपासले. एक्कावन्न फोटोंत आबा बशीकडे, खिडकीकडे किंवा घड्याळाकडे बघत होते. नऊ फोटोंत दोघं एकमेकांकडे. नव्वद सेकंद.